रानडुकरं, आमिष आणि शिकारीचा परवाना: मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ज्वारी निसवली, भुईमुगाच्या शेंगा भरल्या किंवा मक्याचं कणीस दुधात आलं की बांधावर एकच चर्चा असते. डुकरं अशी कुठंही मारता येत नाहीत, मग त्यांना एखाद्या जागेवर ओढून आणता येईल का? किनवट-हिमायतनगरपासून पाटोदा-आष्टीपर्यंत आणि कन्नड-सोयगावपासून औराद-निलंग्यापर्यंत प्रश्न थोड्याफार फरकानं तोच. खाली उत्तरं दिली आहेत. काही लांब आहेत, काही एका ओळीची.

मका आणि गूळ टाकून डुकरं एका जागी आणायची आणि तिथंच त्यांचा निकाल लावायचा. चालतं का?

लेखी परवानगी नसेल तर नाही. बऱ्याच जणांना वाटतं की गोळी झाडली किंवा जनावर मेलं तरच शिकार होते, तोवर आपण फक्त दाणे टाकले. कायदा तसं मानत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २ मध्ये शिकारीची व्याख्या आहे. मारणं आणि विष घालणं तिच्यात आहेच, पण फास लावणं, सापळा लावणं, हाकारणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं हेही शिकारच धरलं जातं. म्हणजे बंदूक घरी ठेवून तुम्ही फक्त आमिषाचा ढीग लावून बसलात, तरी परवानगीशिवाय तो गुन्हा होतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची मर्यादा आधी २५ हजार होती, २०२२ च्या दुरुस्तीनं ती वाढली.

शेत माझं, पीक माझं. मग त्यात शिरलेलं डुक्कर कुणाचं?

जिवंत असेपर्यंत ते रानाचं. मेलं की कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता, मग ते परवान्यानं मारलेलं असो, विहिरीत पडून मेलेलं असो की रस्त्यावर गाडीखाली आलेलं असो.

आमच्याकडे सगळे म्हणतात, रानडुक्कर आता उपद्रवी जाहीर झालंय, कुणीही मारलं तरी काही होत नाही.

ही पारावरची बातमी आहे. एखाद्या राज्यात, ठरावीक भागापुरतं आणि ठरावीक मुदतीपुरतं एखादं जनावर उपद्रवी ठरवण्याचा अधिकार कलम ६२ खाली केंद्र सरकारला आहे. बिहार आणि उत्तराखंडमध्ये काही वर्षांपूर्वी रानडुकराबाबत तसे आदेश निघाले होते. ती बातमी फिरत फिरत आपल्याकडे आली आणि तिच्यातलं राज्याचं नाव वाटेत गळून पडलं. महाराष्ट्रात परवानगी घेऊन पारध, असाच रस्ता आहे. पूर्वी रानडुक्कर कायद्याच्या अनुसूची तीनमध्ये होतं (अनुसूची म्हणजे संरक्षित प्राण्यांची यादी). १ एप्रिल २०२३ पासून नवी मांडणी लागू झाली आणि ते अनुसूची दोनमध्ये गेलं. संरक्षण तेव्हाही होतं, आताही आहे.

मग परवानगी कुणाकडून आणि कशी मिळते?

कलम ११ मध्ये सोय आहे. उभ्या पिकाला किंवा माणसाच्या जिवाला धोका झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारण नमूद करून लेखी आदेशानं, ठरवून दिलेल्या क्षेत्रात, त्या जनावराची किंवा कळपाची शिकार करू देऊ शकतो. महाराष्ट्र शासनानं २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) या दोघांसाठी निर्णय काढून ही पद्धत खालपर्यंत आणली. त्यामुळे तुमचा संबंध येतो तो तुमच्या भागातल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याशी, म्हणजे आपण ज्यांना आरएफओ म्हणतो त्यांच्याशी.

अर्ज साध्या कागदावर चालतो, पण मोघम नको. "डुकरांनी फार त्रास दिला आहे" एवढ्यावर कुणी सही करणार नाही आणि करूही नये. गट नंबर, गावाचं नाव, पीक, ते कुठल्या अवस्थेत आहे, किती क्षेत्र खराब झालं, कळपात साधारण किती जनावरं दिसतात, तारीख दिसेल असे फोटो, आणि बंदूक चालवणार कोण, त्याच्या शस्त्र परवान्याची प्रत. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. तोंडी "बघून घ्या तुमचं तुम्ही" हा परवाना नव्हे. तो शब्द देणारा माणूस उद्या बदलून जातो आणि पंचनाम्यात तुमचं नाव राहतं.

परवाना क्षेत्रापुरता असतो. तुमच्या गटातून पळालेलं डुक्कर शेजारच्या वनखात्याच्या जमिनीत शिरलं, की तुमचा अधिकार बांधावरच संपला. गौताळा, येडशी-रामलिंग, नायगाव मयूर किंवा पैनगंगा अभयारण्याच्या कडेला शेत असेल, तर हद्दीचा दगड नेमका कुठं आहे हे आधी दिवसा बघून ठेवा.

गावात बंदूक कुणाकडेच नाही. मग?

पीक संरक्षणासाठी शस्त्र परवाना मिळतो, तो जिल्हाधिकारी कार्यालयातून, पोलीस चौकशीनंतर. वेळ लागतो. तोवर परवानाधारक शिकाऱ्याचं नाव अर्जात देऊन त्याला बोलावता येतं. एक अडचण हमखास विसरली जाते. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, आणि आपल्याकडे निवडणुका आणि हुरडा एकाच महिन्यात येण्याची खोड जुनी आहे.

डुकराला शेतात नेमकं काय ओढून आणतं?

या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. कारण तुम्ही आमिष न टाकताही ते रोज टाकत असता.

डुकराची नजर बेताची, पण नाक विलक्षण. जमिनीखाली पेरलेला मक्याचा दाणा, भुईमुगाची ओली शेंग, रताळं, कंद, हुमणी, गांडूळ हे सगळं त्याला वरून कळतं. म्हणूनच पेरणीनंतर चार-सहा दिवसांत ओळीच्या ओळी उकरलेल्या दिसतात. दाणा रुजताना त्याचा वास वाढतो. पुढं पीक दाण्यावर आलं की दुसरी फेरी. ज्वारीचं ताट छातीनं आडवं करून कणीस खातात, आणि जेवढं खातात त्याच्या कितीतरी पट तुडवतात. हिंगोली-वसमतच्या हळदीवाल्यांचा अनुभव वेगळा. हळकुंड डुकराला फारसं आवडत नाही, तरी गादीवाफे उकरलेले असतात. कारण पाणी दिलेल्या भुसभुशीत मातीत किडे आणि गांडुळं असतात. त्याला हळद नको असते, तिच्या मुळाशी असलेलं जेवण हवं असतं. नुकसान मात्र तेवढंच होतं.

दुसरी ओढ पाण्याची आणि चिखलाची. डुकराला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. अंग थंड ठेवायला आणि गोचीड-पिसवा काढायला त्याला चिखलात लोळावंच लागतं. मार्च ते जून ओढे आटतात, तेव्हा गळका व्हॉल्व्ह, ओव्हरफ्लो झालेला हौद, विहिरीजवळचं डबकं या जागा त्याच्यासाठी सोन्याच्या होतात. ठिबकच्या नळ्या चावलेल्या दिसल्या तर समजा की जनावर तहानेलं आहे. धरणांच्या गाळपेरात, म्हणजे पाणी ओसरल्यावर मोकळ्या झालेल्या जमिनीत, जायकवाडीच्या फुगवट्याला किंवा मांजरा आणि सिद्धेश्वरच्या काठाला कलिंगड, काकडी, भुईमूग लावला की खाणं आणि पाणी एकाच जागी मिळतं. तिथं कळप न आला तरच नवल.

तिसरी गोष्ट आडोसा. मराठवाड्यात दाट जंगल थोडं, मग एवढी डुकरं राहतात कुठं? उसात. ऊस बारा-चौदा महिने उभा असतो, आत सावली, ओल, पाचटाची गादी, आणि कुणी माणूस शिरत नाही. दुसरी जागा वेडी बाभूळ. गोदावरी, पूर्णा, दुधना, सिंदफणा, तेरणा, कुठल्याही नदीच्या काठाला आणि पडीक गायरानाला तिचं रान माजलंय. शिवारात ऊस तुटायला लागला की त्यातले कळप बाहेर पडतात आणि शेजारच्या ज्वारीत, हरभऱ्यात दिसू लागतात. लोकांना वाटतं डुकरं अचानक वाढली. ती तिथंच होती, फक्त घर मोडलं.

चौथी ओढ आपणच निर्माण केलेली. आखाड्यामागं, म्हणजे शेतातल्या वस्तीमागं टाकलेलं शिळं अन्न, सडका कांदा, खराब झालेली केळी, कोंबड्यांच्या शेडमागची घाण, उघड्यावर टाकलेलं मेलेलं वासरू. डुक्कर सर्वभक्षी आहे, त्याला काहीच वर्ज्य नाही.

आंबवलेला मका खरंच काम करतो का? गुळाचं पाणी?

वास लांब जातो, त्यामुळे डुक्कर येतं, हे खरं आहे. पण फक्त डुक्कर येत नाही. रोही येतात, भटकी कुत्री येतात, आणि तुमच्या-शेजाऱ्याच्या गाई-म्हशी दावं तोडून येतात. जनावरानं आंबलेलं किंवा नुसतं धान्य भरमसाट खाल्लं की पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतं, आणि डॉक्टर वेळेत आला नाही तर ते दगावतं. डुक्कर मारायच्या नादात दुभती म्हैस गेली, असा हिशेब कुणाला परवडणार?

दुसरं कारण डुकराच्या स्वभावात आहे. एकदा खात्रीचं खाणं मिळालेली जागा कळप विसरत नाही. मोठी डुकरीण पुढं असते आणि पिल्लं तिच्याबरोबर वाट शिकतात. आठ रात्री तुम्ही मका टाकलात आणि नवव्या रात्री परवाना असलेला माणूस आलाच नाही, तर कळपाला तुमच्या बांधाचा पत्ता देऊन तुम्ही मोकळे. त्यात डुकरीण साधारण ११५ दिवसांत विते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं सहज देते. खाणं भरपूर असलं की पिल्लंही जास्त जगतात. टाकलेल्या मक्यानं डुकरं कमी करण्याऐवजी आपण त्यांचं बाळंतपण करत असतो.

मग मोबाईलवर दिसणारे अमेरिकेतले व्हिडिओ? तिथं तर मशीननं मका टाकतात.

तिथं टाकतात, आणि ते तिथं कायदेशीर आहे. तिथलं डुक्कर मुळात त्या खंडातलं नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी खाण्यासाठी पाळीव डुकरं नेली, त्यातली सुटून रानटी झाली. पुढं शिकारीच्या हौसेसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली, त्यांचा संकर झाला. म्हणून तिथं ते परकं, नासधूस करणारं जनावर मानलं जातं. टेक्सासमध्ये तर २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीनं ते मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. घड्याळ लावलेलं यंत्र ठरल्या वेळी मका सांडतं, आंबवलेला मका खड्ड्यात पुरतात, पूर्ण कळप आत आल्यावर मोबाईलवरून फाटक पाडतात असे मोठे पिंजरे लावतात.

आपलं रानडुक्कर इथलंच आहे, हजारो वर्षांपासून. बिबट्याचं ते अन्न आहे आणि त्याची पिल्लं लांडग्यालाही लागतात. बालाघाटाच्या डोंगररांगेत बिबट्या गावात शिरू नये असं वाटत असेल, तर रानात त्याला खायला काहीतरी असावं लागतं. त्यामुळे व्हिडिओ करमणूक म्हणून बघा. त्यातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. तिथले जाणकारही एकटंदुकटं डुक्कर मारण्यापेक्षा पूर्ण कळप एकदम पकडण्यावर भर देतात, कारण उरलेली डुकरं शहाणी होतात.

लेखी परवानगी हातात आहे, शिकारी आला आहे. आता डुकरं कुठून येतील हे कसं ओळखायचं?

नवं आमिष लावायची गरज नसते, कारण पीक उभंच आहे. वाट ओळखायची असते, आणि ती दिवसाउजेडी.

बांधाच्या कडेनं फिरा. डुक्कर दरवेळी नव्या जागेतून शिरत नाही, त्याच्या ठरलेल्या वाटा असतात. काटेरी तारेखाली घसरून गेल्याची जागा, तारेला अडकलेले राठ केस, बोरी-बाभळीच्या बुंध्याला गुडघाभर उंचीवर लागलेला वाळलेला चिखल या त्याच्या खुणा. चिखल किती उंचीवर आहे त्यावरून जनावर केवढं हे कळतं. मऊ मातीत खूर बघा. शेळी-हरणाचा ठसा टोकदार असतो. डुकराचा जरा गोलसर, आणि मागं दोन बाजूंना उपखुरांच्या दोन टिकल्या उमटतात. उकरलेली माती ओली आणि काळी दिसत असेल तर ती कालच्या रात्रीची, वर पांढुरकी पडली असेल तर जुनी.

मग वारा. याच्यावर सगळं अवलंबून आहे. माणसाचा वास कळपाकडे गेला की रात्रभर बसून काही उपयोग नाही. बिडी, तंबाखू, डोक्याचं तेल, मोबाईलचा उजेड हे सगळं घरी. डुकरं ज्या बाजूनं येतात तिकडून वारा आपल्याकडे यायला हवा. तो फिरला की जागा सोडायची, हट्ट नको.

बसायची जागा उंच असली की दोन फायदे होतात. वास वरून जातो, आणि गोळी खाली जमिनीत जाते. दुसरा फायदा पहिल्यापेक्षा मोठा आहे. सपाट काळ्या रानात आडवी झाडलेली गोळी कुठं जाईल याचा भरवसा नसतो. आपल्याकडे रात्री वीज येते म्हणून माणसं रात्रीच पाणी धरतात. पलीकडच्या वाफ्यात खाली वाकलेला माणूस आणि उसाच्या कडेला उभं असलेलं डुक्कर अंधारात वेगळं ओळखू येत नाही. म्हणून त्या रात्री शेजारच्या प्रत्येक आखाड्यावर निरोप गेला पाहिजे, सालगड्यापर्यंत. मोघम "आज रात्री" म्हणू नका. कुठल्या गटात, कुठल्या बाजूला तोंड करून आणि कितीपर्यंत, हे सांगा. हे करायला कंटाळा येणाऱ्या शिकाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

जखमी डुकराच्या मागं अंधारात उसात शिरायचं नाही. सकाळी, माणसं आणि वन कर्मचारी बरोबर घेऊन. मेलेलं जनावर हलवायचं नाही, खात्याला कळवायचं.

मांस?

खाता येत नाही, विकता येत नाही, वाटताही येत नाही. सरकारी मालमत्ता आहे हे वर आलंच. शिवाय रानडुकराच्या मांसात जंतांच्या अळ्या असू शकतात आणि अर्धवट शिजलेलं मांस माणसाला महागात पडतं. सुळे शोभेला ठेवणं हाही गुन्हाच.

गावठी बॉम्ब, विषाचे गोळे, तारेचे फास यांचं काय?

कणकेच्या किंवा फळाच्या गोळ्यात स्फोटक भरून वाटेवर ठेवतात. डुक्कर चावतं आणि जबडा फुटतो. ते तिथं मरत नाही, दोन-तीन दिवस उपाशी तडफडून कुठल्यातरी ओढ्यात मरतं. हाच गोळा गाय चावते, कुत्रं तोंडात धरून आखाड्यावर आणतं, पोरगं चेंडू समजून उचलतं. वन्यजीव कायद्याबरोबर स्फोटक पदार्थांचा कायदाही लागतो.

क्लच वायरचा फास त्याच वाटेवर लावतात आणि त्यात बिबट्या किंवा लांडगा अडकतो. हे दोन्ही अनुसूची एकमध्ये आहेत, तिथं शिक्षा कमीत कमी तीन वर्षांपासून सुरू होते. विष घातलं तर मेलेल्या जनावरावर बसलेली घार, कुत्री, कोल्हे सगळे जातात, आणि विष ओढ्याच्या पाण्यात उतरतं.

लाईनची वीज तारेत सोडली तर एका रात्रीत प्रश्न मिटतो, असं काही जण म्हणतात.

एका रात्रीत घरही मिटतं. पावसाळा-हिवाळ्यात मराठवाड्यातल्या पेपरांत अशा बातम्या येतच असतात: रात्री पाणी द्यायला निघालेला शेतकरी कुंपणाच्या तारेला चिकटला. बऱ्याचदा तो तार लावणाऱ्याचाच भाऊ, बाप किंवा शेजारी असतो. घरगुती लाईनचा प्रवाह सलग असतो. स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, वीज चोरीचा वेगळा.

झटका मशीन ही निराळी चीज आहे. ती बॅटरीवर किंवा सौर पॅनलवर चालते आणि साधारण सेकंदाला एकदा, सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरता झटका देते. दाब हजारो व्होल्टचा असला तरी वेळ इतका थोडा असतो की जनावर दचकून मागं होतं, चिकटत नाही. प्रमाणित मशीनच घ्या. गल्लीतल्या मेकॅनिकनं जुळवलेली घेऊ नका, आणि मशीनला मेनची वायर जोडून "पॉवर वाढवायचा" तर कधीच नाही.

ती काम का करत नाही, अशी तक्रार नेहमी येते. कारणं बहुधा तीनच. पहिलं, तार उंच. रोह्यासाठी लावलेल्या तारेखालून डुक्कर आरामात जातं. त्याच्यासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर, दुसरी हातभर उंचीवर हवी, म्हणजे नाक लागतं. दुसरं, तारेला टेकलेलं गवत सगळा झटका जमिनीत उतरवतं. तिसरं, अर्थिंग. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंगचा रॉड नावापुरता उरतो. त्याच्याभोवती मीठ-कोळसा भरा आणि आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता. तारेतला झटका तपासणारा टेस्टर मशीनच्या आधी घ्या. सौर कुंपणासाठी राज्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. तुमचं गाव यादीत आहे का, ते आरएफओ कार्यालयात विचारा.

साड्या, केस, करडई, एरंडी: यातलं काय चालतं?

साड्या आणि केस थोडे दिवस चालतात. नवी गोष्ट म्हणून डुक्कर बिचकतं, मग सवय होते. सलूनमधले केस जमिनीवर पसरले की हुंगताना नाकात जातात म्हणून ते टाळतं, पण एका पावसात सगळं मातीत मिसळतं.

करडई मात्र मनापासून सुचवावीशी वाटते. आपल्या आजोबांच्या पिढीत रब्बी ज्वारीच्या कडेनं करडईच्या चार ओळी असायच्याच, आणि त्या नुसत्या तेलासाठी नसायच्या. करडई फुलावर येते तेव्हा तिचे काटे ताठ होतात, आणि साधारण तेव्हाच ज्वारी हुरड्यात येते. डुकराचं नाक नाजूक असतं, काट्यांच्या दाट पट्ट्यात ते सहजी घालत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा परभणी कुसुम हा वाण आपल्याकडे परिचयाचा आहे. बिनकाट्याचे वाण कुंपणाला निरुपयोगी, बियाणं घेताना एवढं विचारून घ्या. ओळी दाट हव्यात आणि चारही बाजूंनी हव्यात. एक बाजू रिकामी ठेवली तर कळप तिथूनच येतो. भुकेलेला कळप दाट करडईही तुडवून जाईल, पण शेजारी मोकळं रान असताना तो तसदी घेत नाही. शेजाऱ्याला हे सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

खरिपाला करडई कामाची नाही. तिथं भुईमूग किंवा मक्याभोवती एरंडीच्या ओळी लावतात. एरंडी डुक्कर खात नाही आणि तिच्या वासात आतल्या पिकाचा वास दबतो. एरंडीच्या बिया जनावरांना आणि पोरांना विषारी, हे मात्र लक्षात असू द्या.

थिमेटच्या पुड्या बांधाला टांगल्या तर?

नको. थिमेट म्हणजे फोरेट, आणि त्यावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुना डबा कोनाड्यात पडला असेल तर तोही वापरू नका. वासानं डुक्कर पळो न पळो, पुडी बांधणाऱ्याच्या हाताला ते लागतंच.

जागल करून उपयोग होतो का?

होतो, माणूस जागा असेपर्यंत. भोंगा, फटाके, रेडिओ यांची डुकराला सवय होते. आवाज, वेळ आणि जागा सतत बदलत ठेवली तर जास्त दिवस निभावतं. पूर्ण हंगाम जागण्यापेक्षा पेरणीनंतरचा पहिला आठवडा आणि दाणा भरतानाचे पंधरा-वीस दिवस एवढे सांभाळले तरी मोठं नुकसान टळतं. एकटं जागू नका. शेजारच्या दोन-तीन आखाड्यांनी पाळी लावावी.

कुत्री सोडली तर?

भुंकून कळप हुसकावणारी राखणीची कुत्री ठीक. कुत्र्यांकरवी डुकराचा पाठलाग करून धरणं ही पुन्हा शिकारच. आणि सुळ्यानं पोट फाटलेलं कुत्रं टाके घालायला तालुक्याला न्यावं लागतं, तेव्हा ती हौस उतरते.

डुकरानं माणसावर हल्ला केला तर काय करायचं?

पिल्लं बरोबर असलेली डुकरीण आणि उसात कोंडलेला एकटा नर, हे दोन सगळ्यात धोक्याचे. ऊसतोडीच्या शेवटच्या पट्ट्यात जनावर आत अडकून राहतं, म्हणून तो पट्टा तोडताना एक बाजू मोकळी सोडा आणि त्या बाजूला कुणी उभं राहू नका. अंगावर आलंच तर झाड, बैलगाडी, ट्रॅक्टर, जे असेल त्यावर चढा. डुक्कर सरळ रेषेत जोरात येतं, आणि सुळा मांडीला किंवा पोटरीला लागतो.

जखम लहान दिसली तरी साबण-पाण्यानं बराच वेळ धुवा आणि सरकारी दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन लागतंच. रानटी जनावराचा चावा असेल तर रेबीजची लसही घ्यावी लागते, घरी हळद दाबून बसू नका. जिवावर बेतलं असताना स्वसंरक्षणात डुक्कर मेलं तर तो गुन्हा ठरत नाही. फक्त त्या वेळी तुम्ही स्वतः बेकायदा शिकारीला गेलेले नसावेत. जखमी झालेल्यांना आणि मृताच्या वारसांना राज्य शासन भरपाई देतं. त्यासाठी दवाखान्याचे कागद आणि वनखात्याचा पंचनामा लागतो, म्हणून हल्ल्याची खबर लगेच, त्याच दिवशी द्या. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६.

पिकाच्या भरपाईसाठी किती दिवसांत अर्ज करायचा?

नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत. याच एका कारणावरून बरेच अर्ज अडतात, कारण माणूस आधी शेत आवरतो आणि मग अर्जाचं बघतो. शेत आवरू नका. खुरांचे ठसे, उकरलेली माती, मोडलेली ताटं यांचे फोटो काढा. एका फोटोत विहीर, डीपी किंवा झाड असं काहीतरी ओळखीचं येऊ द्या, म्हणजे गट कुठला यावर वाद होत नाही. सातबारा, पेऱ्याची नोंद आणि बँक पासबुक तयार ठेवा. ई-पीक पाहणीत भुईमूग न नोंदवता सोयाबीनच राहिलं असेल तर पंचनामा तिथंच फिसकटतो. वन, कृषी आणि गावपातळीवरचा प्रतिनिधी मिळून पाहणी करतात. भरपाईची रक्कम नियमानं ठरते आणि तिला वरची मर्यादा असते, त्यामुळे झालेलं सगळं नुकसान भरून निघेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका.

पीक विम्यात डुकरांचं नुकसान बसतं का?

केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान पंतप्रधान पीक विमा योजनेत खरीप २०२६ पासून स्थानिक आपत्ती म्हणून घेतलं जाणार आहे. कुठले प्राणी आणि कुठले जिल्हे किंवा विमा क्षेत्रं, हे राज्यानं अधिसूचित करायचं आहे. नुकसानीची सूचना ७२ तासांत ॲपवरून, जागेची नोंद असलेल्या फोटोंसह द्यायची. विमा भरताना तुमच्या मंडळाला हे संरक्षण लागू आहे का, हे भरणाऱ्याकडून विचारूनच पावती घ्या.

एकट्यानं कुंपण केलं तर डुकरं शेजाऱ्याकडे जातात. मग गावानं मिळून काय करावं?

हे अगदी बरोबर निरीक्षण आहे, आणि बांधावरची निम्मी भांडणं यातूनच होतात. ओढ्याच्या एका काठाची दहा-पंधरा शेतं एकत्र आली तर एकाच सलग कुंपणात बसतात आणि प्रत्येकाचा खर्च उतरतो. मशीन दोन पुरतात. भुईमूग आणि मका एकाच पट्ट्यात, एकाच आठवड्यात पेरला तर जागल करायचे दिवसही कमी होतात. एकट्यानं लवकर पेरलेल्या शेतावर पूर्ण शिवारातला कळप तुटून पडतो, आणि शेवटी निघणाऱ्या शेताचंही तसंच होतं.

गायरानातली आणि ओढ्याकाठची वेडी बाभूळ ग्रामपंचायतीचा ठराव करून काढता येते. जमीन वनखात्याची असेल तर त्यांची परवानगी आधी. ती मुळासकट काढा, कारण नुसती वरून तोडली की पुन्हा फुटते. पिकाला लागून वीस-पंचवीस फुटांचा पट्टा मोकळा ठेवला तर डुक्कर उघड्यावर यायला कचरतं. ऊस असलेल्यांनी तोडीची तारीख शेजाऱ्यांना आधी सांगावी, म्हणजे त्या आठवड्यात ज्वारीवाले राखणीला माणूस ठेवतील. आणि परवानगीचा अर्ज करायचाच असेल तर सगळ्यांचे गट नंबर एकाच अर्जात घाला. एका गटापुरता परवाना घेतला तर कळप रात्रीत शेजारच्या गटात जाऊन बसतो.